कोणता गिटार ॲम्प मॉडेलरमध्ये उतरवावा आणि कोणता सोडून द्यावा

गिटारच्या ॲम्पची, म्हणजे ॲम्प्लिफायरची, डिजिटल प्रतिकृती वाजवणारं यंत्र किंवा सॉफ्टवेअर म्हणजे मॉडेलर. लाइन ६ कंपनीचा लाल, राजम्याच्या दाण्यासारखा पॉड हा मॉडेलर १९९८ मध्ये बाजारात आला आणि फ्रॅक्टलचा ॲक्स-एफएक्स २००६ मध्ये. तेव्हा ॲम्पची डिजिटल प्रतिकृती बनवणं हे कंपनीचं काम होतं. आत कोणते ॲम्प असावेत हे तिथले इंजिनियर ठरवत आणि आपण यादीतून निवडायचं. २०११ साली केम्परने प्रोफायलर दाखवला आणि आपल्या समोरचा ॲम्प आपणच टिपायची सोय झाली. आता तर न्यूरल ॲम्प मॉडेलर हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. लॅपटॉप, त्यात आवाज नेणारा ऑडिओ इंटरफेस आणि स्पीकरच्या जागी ॲम्पची शक्ती झेलणारा लोड बॉक्स एवढं असलं की नाशिकच्या एखाद्या खोलीत बसूनही संध्याकाळभरात ॲम्प कॅप्चर करता येतो, म्हणजे त्याला एक चाचणी-ध्वनी देऊन बाहेर येणाऱ्या आवाजावरून त्याची प्रतिकृती बनवता येते. कसा उतरवायचा हे सोपं झालं, पण कोणता उतरवायचा हे तितकंच अवघड राहिलं आहे.

सुरुवातीची दोन वर्षं मी हाताला लागेल तो ॲम्प कॅप्चर केला. मित्रांचे, तालमीच्या खोल्यांमधले, कुणी विकायला काढलेले. हार्डडिस्कवर चारशेच्या वर फायली जमल्या आणि प्रत्यक्ष वाजवायला बसलो की मी त्यांतल्या सातच उघडतो असं लक्षात आलं. त्या सातांत असं काय होतं, हे शोधताना पुढची पद्धत तयार झाली. कॅप्चर स्वतः करणाऱ्याला ती उपयोगी पडेलच. शिवाय आपल्याकडे सगळे ज्याला नुसतं 'प्रोसेसर' म्हणतात तो विकत घेऊन आतल्या शंभर-दोनशे नावांपुढे गोंधळून बसलेल्यालाही पडेल.

माझी कसोटी एकच आहे. तोच हात, तीच गिटार, तोच स्पीकर ठेवला, तर हा ॲम्प मला वेगळं वाजवायला लावतो का? नाव, किंमत, कुणी कोणत्या रेकॉर्डवर वापरला, हे सगळं त्यानंतर.

पहिली पायरी: घराणं लावा

गाणं ऐकताना आपण आधी घराणं ओळखतो, मग गायकाची स्वतःची वाट कुठे सुरू होते ते पाहतो. ॲम्पचंही तसंच करावं, कारण बाजारातली शेकडो नावं मोजक्या सर्किटांतून निघाली आहेत.

फेंडरचा ट्वीड बेसमन घ्या. त्याचं ५एफ६-ए हे सर्किट १९५८ ते १९६० या काळातलं. बनवला होता बास गिटारसाठी, पण गिटारवाल्यांनी तो आपलासा केला. पुढे पश्चिम लंडनमधल्या हॅनवेल भागात जिम मार्शल यांच्या दुकानात केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांनी हेच सर्किट समोर ठेवून १९६२-६३ च्या सुमारास जेटीएम४५ बांधला. कागदावर दोन्ही सर्किटं शेजारी ठेवली तर भावंडं वाटतात. फरक आहे तो सुट्या भागांत. बेसमनच्या पहिल्या टप्प्यात १२एवाय७ ट्यूब होती, मार्शलने तिथे ईसीसी८३ बसवली. जुन्या रेडिओ मेकॅनिकच्या भाषेत हे व्हॉल्व्ह. १२एवाय७ चा वर्धनांक ईसीसी८३ च्या निम्म्याहून कमी आहे, म्हणजे मार्शल लवकर 'फुटतो', त्याचा आवाज लवकर विकृत होऊ लागतो. अमेरिकन जेन्सेनचे दहा इंची चार स्पीकर मागून उघड्या पेटीत होते. त्यांच्या जागी सेलेस्चनचे बारा इंची चार स्पीकर बंद पेटीत आले. कान सांगतो की हे दोन वेगळे ॲम्प आहेत आणि त्या वेगळेपणाचा मोठा वाटा स्पीकर आणि पेटीचा आहे. ही गोष्ट तिसऱ्या पायरीवर लागणार आहे, लक्षात ठेवा.

घराणं लावताना मी तीन ठिकाणी पाहतो.

पहिलं, टोन कंट्रोल विकृतीच्या आधी आहेत की नंतर. साठच्या दशकातल्या ब्लॅकफेस फेंडरमध्ये ते पहिल्या टप्प्यानंतर लगेच येतात. मार्शलमध्ये ते प्रीॲम्पच्या, म्हणजे आवाज घडवणाऱ्या पहिल्या भागाच्या, शेवटी येतात, कॅथोड फॉलोअर या ट्यूबच्या टप्प्यानंतर. मार्शलवर बास वाढवला की आधीच फुटलेल्या आवाजात बास मिसळतो. मेसा बूगीच्या मार्क मालिकेत फेंडरसारखी रचना आहे आणि तिच्यापुढे भरपूर गेन, म्हणजे वर्धन. तिथे बास वाढवला की तो बासच पुढच्या टप्प्यांत जाऊन फुटतो आणि खालचे सूर चिखलासारखे होतात. म्हणून मार्क वाजवणारे बास जवळजवळ शून्यावर ठेवतात आणि पुढच्या पाच पट्ट्यांच्या ग्राफिक इक्वलायझरने तो परत आणतात. हा फरक कानाआधी बोटांना कळतो, म्हणून माझ्या लेखी मार्क हे स्वतंत्र घराणं आहे.

दुसरं, पॉवर सेक्शनमध्ये, म्हणजे स्पीकर हाकणाऱ्या शेवटच्या भागात, निगेटिव्ह फीडबॅक आहे का, म्हणजे बाहेर पडणाऱ्या सिग्नलचा थोडा भाग उलटा करून परत आत दिला आहे का. व्हॉक्स एसी३० मध्ये तो नाही. चार ईएल८४ ट्यूब आणि फीडबॅकचा लगाम नाही, त्यामुळे आवाज स्वच्छतेकडून फुटण्याकडे इतका हळूहळू सरकतो की सीमारेषा दाखवता येत नाही. फेंडर ट्विन रिव्हर्ब याच्या अगदी उलट: ८५ वॅट, खूप उशिरापर्यंत स्वच्छ.

तिसरं, हाय-गेन ॲम्पमध्ये 'कोल्ड क्लिपर' कुठे आहे. हा मुद्दाम कमी प्रवाहावर ठेवलेला ट्यूबचा टप्पा. लहरीची एक बाजू तो दुसरीपेक्षा बरीच आधी कापतो. मार्शल जेसीएम८०० च्या २२०३ मॉडेलमध्ये त्याचा प्रवाह ठरवणारा कॅथोड रेझिस्टर १० किलोओहमचा आहे. माइक सोल्डानो यांनी १९८७ मध्ये आणलेल्या एसएलओ-१०० मध्ये तो ३९ किलोओहमचा. तोच ३९ किलोओहम पुढे मेसाच्या ड्युअल रेक्टिफायरमध्ये आणि पीव्ही ५१५० मध्येही दिसतो. मेटल वाजवणाऱ्यांमध्ये या तीन ॲम्पांवरून वर्षानुवर्षं वाद चालतात, पण प्रीॲम्पपुरतं बोलायचं तर ते एकाच घरातले आहेत.

याचा अर्थ तिन्ही नकोत असा नाही. रेक्टिफायरच्या मॉडर्न मोडमध्ये निगेटिव्ह फीडबॅक काढून टाकलेला असतो, म्हणून त्याचा खालचा भाग सैल, पसरलेला, जमीन हलवणारा वाटतो. वेगळेपण पॉवर सेक्शनमध्ये आहे. मग रेक्टिफायर कॅप्चर करताना इफेक्ट सेंडमधून, म्हणजे प्रीॲम्पनंतर सिग्नल बाहेर काढायच्या जागेवरून, फक्त प्रीॲम्प घेतला तर तुम्ही पुन्हा एकदा जवळपास सोल्डानोच टिपलात. घराणं आधी लावलं की असे तास वाया जात नाहीत.

दुसरी पायरी: घरात काय आहे ते बघा

ही पायरी कंटाळवाणी आहे, म्हणून सगळे गाळतात. तुमच्या मॉडेलरमधल्या ॲम्पची यादी कागदावर उतरवा आणि प्रत्येकापुढे घराणं लिहा. ट्रेडमार्कमुळे कंपन्या खरी नावं देत नाहीत, ती ओळखावी लागतात. लाइन ६ हेलिक्समध्ये 'ब्रिट प्लेक्सी' म्हणजे मार्शल सुपर लीड, 'जॅझ रिव्हेट १२०' म्हणजे रोलँड जेसी-१२०, 'कॅली रेक्टिफायर' म्हणजे मेसा, आणि 'एसेक्स ए३०' म्हणजे व्हॉक्स. व्हॉक्स बनत होता केंट परगण्यातल्या डार्टफर्डला आणि एसेक्स थेम्स नदीच्या पलीकडे. नाव ठेवणाऱ्याने फक्त नदी ओलांडली आहे.

यादी झाली की बहुतेकांना एकच चित्र दिसतं: मार्शलच्या वंशातले पंधरा-वीस ॲम्प, आणि ट्वीड फेंडर किंवा हायवॉट या ब्रिटिश कंपनीच्या बाजूला एखाददुसरा. नवा ॲम्प कॅप्चर करायचा तर तो रिकाम्या रकान्यातला असावा. भरलेल्या रकान्यातला घ्यायचाच असेल तर आहे त्यात काय कमी पडतं, हे एका वाक्यात लिहून काढा. लिहिता आलं नाही तर सोडून द्या.

तिसरी पायरी: स्पीकर बाजूला काढा

एखादा ॲम्प खोलीत ऐकून आपण हरखतो तेव्हा आपण स्पीकर, पेटी, खोली आणि आवाजाची पातळी असं सगळं मिळून ऐकत असतो. मॉडेलरमध्ये मात्र स्पीकर सहसा वेगळा असतो. त्याच्या आवाजाचा ठसा असलेली इम्पल्स रिस्पॉन्स फाइल, म्हणजे आयआर, हवी तेव्हा बदलता येते. मग आवडलेली गोष्ट पेटीत होती की ॲम्पमध्ये हे ठरवायलाच हवं. पेटीत असेल तर आयआर बनवा, काम अर्ध्या तासात संपेल.

पद्धत अशी. गिटारचं कोरडं, बिनॲम्पचं रेकॉर्डिंग करा, दोन मिनिटं पुरे. त्यात चार गोष्टी हव्यात: मोकळ्या तारांचे कॉर्ड, एका तारेवरची चाल, गिटारचा व्हॉल्यूम अर्ध्यावर आणून वाजवलेला तोच तुकडा, आणि प्लेक्ट्रम सोडून बोटांनी वाजवलेला तुकडा. हे रेकॉर्डिंग रीॲम्प बॉक्समधून (तो सिग्नल पुन्हा गिटारसारखा करून देतो) नव्या ॲम्पला द्या आणि मॉडेलरमधल्या त्याच घराण्यातल्या ॲम्पलाही द्या. दोन्हींवर एकच आयआर लावा. दोन्हींची पातळी अर्ध्या डेसिबलच्या आत जुळवा, कारण जरा मोठा वाजणारा नेहमीच चांगला वाटतो. फायलींना क आणि ख नावं द्या आणि कोणता कुठला हे माहीत नसलेल्या माणसाकडून त्या उलटसुलट लावून घ्या.

इथे एक धोका सांगतो, कारण याने इंटरफेस जळतात. ॲम्पच्या स्पीकर आउटमधून निघणारी वायर इंटरफेसला कधीही थेट जोडू नका. मध्ये लोड बॉक्स हवा आणि इंटरफेसला त्याचं लाइन आउट जायला हवं. ट्यूब ॲम्प स्पीकर किंवा लोडशिवाय चालू करणं तर त्याहून वाईट, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. लोड शक्यतो रिॲक्टिव्ह, म्हणजे खऱ्या स्पीकरसारखा वागणारा, घ्या. खऱ्या स्पीकरवर आठ ओहम लिहिलेलं असलं तरी खालच्या अनुनादाजवळ त्याचा अडथळा कित्येक पटींनी वाढतो आणि वरच्या सुरांकडेही चढत जातो. ट्यूब ॲम्प त्या चढउताराला प्रतिसाद देतो. साध्या रेझिस्टरवर तो प्रतिसादच नाहीसा होतो आणि एसी३० सारखा फीडबॅक नसलेला ॲम्प चपटा, निर्जीव वाटतो. अशा वेळी ॲम्पला नापास करू नका, लोड बदला.

मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा माझे आवडते म्हणून मिरवलेले तीन ॲम्प एकमेकांपासून वेगळे काढता आले नाहीत. तिघांचीही मोहिनी त्यांच्या पेट्यांत होती. तेव्हापासून ही पायरी झाल्याशिवाय मी कोणताही ॲम्प कॅप्चर करत नाही.

गिटारचा व्हॉल्यूम कमी केलेला तुकडा मी सर्वांत लक्ष देऊन ऐकतो. पूर्ण गेनवर अनेक ॲम्प सारखे वाटतात. व्हॉल्यूम अर्ध्यावर आणला की एक पातळ होतो, एक मऊ होतो, तर एखादा एकदम उजळतो. जुन्या मार्शलमध्ये ब्राइट चॅनलच्या व्हॉल्यूमवर एक कपॅसिटर आहे. नॉब खाली असताना तो वरचे सूर सरळ पुढे सोडतो, नॉब वर गेला की त्याचा परिणाम विरतो. म्हणून सुपर लीड ३ वर कर्कश आणि ८ वर भरदार वाटतो. अशी वागणूक दिसली की मी त्या ॲम्पपुढे खूण करतो.

चौथी पायरी: नॉब मोजा

कॅप्चर हा फोटो आहे, एका क्षणी, एका ठिकाणी लावलेल्या नॉबचा. सर्किट मॉडेल हा त्या यंत्राचा चालता नमुना आहे, ज्यात नॉब फिरवला की आतलं गणित बदलतं. कोणता ॲम्प कोणत्या मार्गाने उतरवण्यालायक आहे, हे बऱ्याचदा नॉबच सांगतात.

फेंडर चँपचं ५एफ१ सर्किट घ्या: पाच वॅट, एक ६व्ही६ ट्यूब, आठ इंची स्पीकर आणि एकच व्हॉल्यूम. २, ४, ६, ८ आणि १२ वर पाच कॅप्चर केले की अख्खा ॲम्प हातात आला. प्रत्येक चाचणी-ध्वनी तीन मिनिटांचा धरला तर पंधरा मिनिटांचं काम. स्वतः कॅप्चर करणाऱ्याला यापेक्षा चांगली सुरुवात नाही.

आता मेसा मार्क घ्या. व्हॉल्यूम, ट्रेबल, मिडल, बास, लीड ड्राइव्ह. ग्राफिक इक्वलायझर आणि ओढायचे स्विच सोडूनच देऊ. या पाच नॉबांच्या प्रत्येकी पाच जागा धरल्या तरी ३,१२५ कॅप्चर होतात. तीन मिनिटांच्या हिशेबाने दीडशे तासांच्या वर. मार्क उतरवण्यालायक आहेच, पण तो सर्किट मॉडेलवाल्यांनी उतरवावा. आपण करायचा तर मालकाला एकच विचारा, 'तुम्ही स्वतः रोज कुठे लावता?' आणि तेवढ्या दोन जागा टिपा. त्या माणसाने वर्षानुवर्षं शोधून काढलेल्या त्या जागा कोणत्याही कंपनीच्या मॉडेलमध्ये तयार मिळणार नाहीत.

आणखी एक मर्यादा. कॅप्चरमध्ये वेळेवर अवलंबून असलेले परिणाम येत नाहीत: रिव्हर्ब, ट्रेमोलो, कोरस. डिलक्स रिव्हर्बचं बावीस वॅटचं सर्किट फार गोड आहे, त्याला मिडलचा नॉबही नाही. पण स्प्रिंग रिव्हर्ब आणि त्याचा धडधडणारा व्हायब्रॅटो बंद करून केलेलं कॅप्चर त्या ॲम्पचा अर्धाच ऐवज देतं. रोलँड जेसी-१२० मध्ये तर हे आणखी ठळक आहे. १९७५ चा हा ट्रान्झिस्टर ॲम्प, साठ-साठ वॅटचे दोन विभाग, दोन स्पीकर. कोरस चालू केला की एका स्पीकरमधून कोरडा आवाज येतो, दुसऱ्यातून किंचित सूर हलवलेला, आणि ते दोघे हवेत मिसळतात. त्याचं कॅप्चर केलंत तर एक सभ्य, स्वच्छ ॲम्प हाती येईल, जेसी-१२० नाही येणार. असे ॲम्प मी कॅप्चरच्या यादीतून काढतो आणि चांगल्या सर्किट मॉडेलकडे जातो.

पाचवी पायरी: समोरचा नग तपासा

तुम्ही 'प्लेक्सी' कॅप्चर करत नसता, समोर ठेवलेला तो एक नग कॅप्चर करत असता. जुने रेझिस्टर आणि कपॅसिटर दहा-वीस टक्के इकडेतिकडे असत, आणि पन्नास वर्षांत ते आणखी सरकले आहेत. एकाच महिन्यात बनलेले दोन मार्शल वेगळे वाजतात. म्हणून नगाची तब्येत हाच निवडीचा मोठा भाग आहे.

मालकाला विचारायचे प्रश्न: ट्यूब कधी बदलल्या? बायस, म्हणजे ट्यूबमधल्या प्रवाहाची जुळवणी, कुणी लावला? वीजपुरवठा गाळणारे फिल्टर कपॅसिटर मूळचे आहेत का? मूळचेच असतील तर अभिमानाने सांगितलं जाईल, पण वाळलेले फिल्टर कपॅसिटर म्हणजे खालचे सूर ढिले आणि स्वरांच्या मागे भुतासारखा एक बेसूर गुंजारव. सर्किटात कुणी बदल केले आहेत का? ऐंशीच्या दशकात कित्येक मार्शलमध्ये वाढीव गेनचे टप्पे घातले गेले. बदल वाईट नसतो, पण मग फायलीला कोणतं नाव द्यायचं हे प्रामाणिकपणे ठरवावं लागतं.

मागचं झाकण स्वतः उघडू नका. आत चारशे व्होल्टच्या वर दाब असतो आणि वायर काढल्यावरही कपॅसिटर तो धरून ठेवतात. ट्यूब ॲम्प जाणणाऱ्या मेकॅनिककडून तपासून घ्या.

आपल्याकडे दोन गोष्टी जास्तीच्या आहेत. एक दमट हवा. मुंबई, कोकण, गोवा इथल्या ॲम्पचे नॉब पावसाळ्यात खरखरतात, ट्यूबच्या सॉकेटवर गंज चढतो. खरखर कॅप्चरमध्ये उतरत नाही, पण खराब सॉकेटमुळे चाचणी-ध्वनीच्या मधेच पातळी हलते आणि प्रतिकृतीचं प्रशिक्षण बिघडतं. आधी पुसून, साफ करून घ्या. दुसरी गोष्ट वीज. जुने अमेरिकन फेंडर ११०-११७ व्होल्टसाठी बनलेले, आपली २३० ची लाइन. मध्ये स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर असतो आणि लाइन हलली की तोही हलतो. व्होल्टेज उतरलं की ॲम्प मऊ आणि लवकर फुटणारा होतो. रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलनने मार्शलचं व्होल्टेज व्हॅरिअकने (व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) मुद्दाम खाली आणलं होतं, ते याचसाठी. आपल्याला हे नकळत घडायला नको. मी मीटर लावून सकाळी आणि रात्री आकडे घेतो, लाइन स्थिर असते त्या वेळी कॅप्चर करतो आणि आकडा लिहून ठेवतो. ट्यूबच्या हीटरला ६.३ व्होल्ट हवे असतात. मेकॅनिक समोर असेल तर तोही आकडा मोजून घ्या.

सहावी पायरी: दुर्मीळ ॲम्पचा मोह

अलेक्झांडर डंबल यांनी आयुष्यभरात बांधलेले ॲम्प तीनशेच्या आत असावेत असं मानलं जातं. ते २०२२ मध्ये वारले. सर्किट कुणी नक्कल करू नये म्हणून ते त्यावर इपॉक्सी ओतत, आणि ज्याला ॲम्प द्यायचा त्याचं वाजवणं ऐकून त्याच्यासाठी तो जुळवत. केन फिशर यांचे ट्रेनरेक त्याहूनही कमी, आणि प्रत्येकाला क्रमांकाऐवजी बाईचं नाव. असे ॲम्प उतरवण्यालायक आहेत का?

माझं मत अनेक वर्षं 'नाही' असं होतं. डंबल यांचा ओव्हरड्राइव्ह स्पेशल नावाचा एकच एक ॲम्प अस्तित्वात नसेल, तर नक्कल नेमकी कशाची? आता मला दुसरी बाजूही पटते. ज्याची किंमत घरापेक्षा जास्त आहे असा ॲम्प सांगलीतल्या मुलाला एरवी आयुष्यात कधीही हाताला लागणार नाही, आणि बोटांखालचा तो प्रतिसाद एकदा अनुभवणंही शिक्षण आहे. म्हणून ज्या कंपनीला खरा नग मिळतो तिने तो जरूर उतरवावा आणि कुणासाठी बांधलेला नग होता हे सांगावं. आपल्यासारख्यांनी मात्र 'डंबल-सारखा' म्हणून बनवलेल्या क्लोनचं कॅप्चर डंबलच्या नावाने फिरवू नये. क्लोन चांगला असेल तर तो स्वतःच्या नावानेच टिपण्यालायक आहे.

दुर्मीळपणाचा आणखी एक प्रकार आहे आणि मला तो डंबलपेक्षा जवळचा वाटतो. कोल्हापुरात एका ऑर्केस्ट्रातल्या निवृत्त गिटारवादकाकडे मला एक ॲम्प मिळाला. पेठेतल्या रेडिओ मेकॅनिकने बांधलेला, ट्रान्झिस्टरचा, बारा इंची दोन स्पीकर, पुढच्या पट्टीवर हाताने रंगवलेली अक्षरं. सर्किट कोणत्याही पुस्तकातलं नव्हतं. व्हॉल्यूम वाढवला की वरचे सूर दबत आणि मधला पट्टा पुढे येई, इतका की ढोलकी आणि कीबोर्डच्या गर्दीतही एका तारेवरची चाल ऐकू येई. काकांनी सांगितलं, 'त्याला तेवढंच सांगितलं होतं, माझी गिटार मागच्या रांगेला ऐकू आली पाहिजे.' त्या ॲम्पची सहा कॅप्चर केली. माझ्या नेहमीच्या सातांत त्यांतलं एक आहे. असे ॲम्प गावोगावी माळ्यावर पडले आहेत, बाहेरची कोणतीही कंपनी ते शोधत येणार नाही आणि ट्रान्सफॉर्मर गंजला की तो आवाज कायमचा जाईल. असा एखादा सापडला तर बाकीच्या सगळ्या पायऱ्या बाजूला ठेवा आणि आधी तो टिपून घ्या.

सातवी पायरी: कुठे वाजणार?

आपल्याकडे बहुतेक गिटारवादक गणेशोत्सवाच्या मांडवात, लग्नाच्या स्टेजवर किंवा कॉलेजच्या कार्यक्रमात प्रोसेसर थेट मिक्सरला जोडतात. तिथे पेडल चांगला झेलणारा एक स्वच्छ ॲम्प, एक हलका फुटलेला आणि एक भरपूर गेनचा, एवढ्यावर रात्र निघते. घरी हेडफोनवर वाजवणाऱ्याची गरज वेगळी: त्याला चँप, एसी३० असे हळू फुटणारे ॲम्प जास्त आनंद देतात, कारण बोटांचे बारकावे तिथेच ऐकू येतात.

आठवी पायरी: टिपा, तपासा, लिहून ठेवा

निवड झाली की ॲम्प किमान अर्धा तास तापू द्या. न्यूरल ॲम्प मॉडेलरमध्ये प्रशिक्षणाच्या शेवटी ईएसआर नावाचा आकडा येतो: प्रतिकृती आणि मूळ यांच्यातला फरक मूळ आवाजाच्या तुलनेत किती. ०.०१ च्या खाली आला तर उत्तम. पण आकडा चांगला आला म्हणून थांबू नका. तिसऱ्या पायरीतलं तेच कोरडं रेकॉर्डिंग आता खऱ्या ॲम्पला आणि कॅप्चरला द्या आणि पुन्हा डोळे मिटून ऐका. गिटारचा व्हॉल्यूम कमी केलेल्या तुकड्यात फरक जाणवला तर बहुधा पाठवलेल्या ध्वनीची पातळी चुकली आहे. ती सुधारून पुन्हा करा. मग आठवडाभर ती फाइल नुसती वापरा. आठवड्यात ती तुम्ही आपणहून तीनदा उघडली नाहीत, तर ती काढून टाका.

राहिलेल्या फाइलसोबत एक साधी मजकुराची फाइल ठेवा: तारीख, ॲम्पचं नाव आणि साल, सर्किटातले बदल, ट्यूब कोणत्या कंपनीच्या, प्रत्येक नॉबची जागा, कोणत्या इनपुटला जोडलं, लोड कोणता, भिंतीवरचं व्होल्टेज, इंटरफेसची इनपुट पातळी. कोल्हापूरच्या ॲम्पच्या फाइलमध्ये मी मागच्या फळीवर पेन्सिलने लिहिलेली दुरुस्तीची तारीख आणि मेकॅनिकने झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या सर्किटच्या कागदाचा फोटोही ठेवला आहे. कागदाचा एक कोपरा वाळवीने खाल्लाय, तिथल्या दोन रेझिस्टरच्या किमती मीटरने मोजून मी शेजारी लिहिल्या आहेत.